दोन झेंड्यांच्या मधलं पाणी

मोसमाचा पहिला आठवडा, सोमवार दुपार

प्रिय बंड्या,

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. तू इतकं थोडक्यात लिहितोस की पाकिटालाच लाज वाटत असेल. मी मात्र पोटभर लिहिणार आहे. आज पाट्या रंगवायचं काम बंद ठेवलंय. ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून ठेवलेत आणि मी खिडकीपाशी बसलेय.

समुद्र यंदा मऊ झालाय रे. म्हणजे काय ते मला नीट सांगता येणार नाही. लाट फुटताना दिसत नाही, नुसता पांढरेपणा हलल्यासारखा वाटतो. आकाश कुठे संपतं आणि पाणी कुठे सुरू होतं ते कळतच नाही. माणसं पाण्यात शिरतात, थोडा वेळ विरघळल्यासारखी होतात आणि परत येतात. मी मचाणावर बसून बघत राहते. इतकी वर्षं इथे बसतेय, पण समुद्र इतका प्रेमळ कधी दिसला नव्हता.

आता मुख्य बातमी. यंदा सरकारी मंडळी येणार आहेत. एक दिवस आमचं काम बघणार आणि मग ठरवणार की बुडणाऱ्यांना वाचवणारी, आमच्यासारखी स्वयंसेवकांची पथकं देशातल्या सगळ्या किनाऱ्यांवर उभी करायची की नाही. करायची ठरली तर जागोजागी झेंडे, मचाण, शिकवलेली माणसं. पथकानं चांगलं काम केलं आणि झेंड्यांच्या आत कोणाला इजा झाली नाही, एवढंच त्यांना बघायचंय.

तुला आठवतं ना आमची सुरुवात? चौघंजण आणि बंदरावरून मागून आणलेला एक दोर. एकानं कमरेला पट्टा बांधून पाण्यात शिरायचं, बाकीच्यांनी ओढायचं. आमच्यातल्या पोस्टमनला आम्ही पहिल्यांदा इतक्या उत्साहानं ओढला की बुडणारा राहिला बाजूला आणि हाच पाणी पिऊन अर्धमेला झाला. नंतर एकदा एक माणूस गटांगळ्या खात होता आणि आम्ही वाळूत उभे राहून कोणी जायचं यावर वाद घालत होतो. त्या दिवशी मी नियम केला, की मचाणावरच्यानं सांगितलं की का म्हणून विचारायचं नाही. तो नियम आजतागायत कोणी मोडलेला नाही.

आणि झेंडे अजून मीच रोवते. सकाळी पाणी बघायचं आणि दोन झेंड्यांच्या मधला भाग लोकांना द्यायचा. जिथे लाटा फुटत नाहीत, पाणी काळसर आणि शांत दिसतं, तिथेच खालून आत ओढ असते. नवख्याला नेमकी तीच जागा आवडते. म्हणून हे काम मी कोणावर सोपवलं नाही.

निळा रंग हल्ली मातकट येतोय. कारखानेवाले भेसळ करतात बहुतेक. दुकानदाराशी भांडून आले.

तुझी,
ताई


पंधरवड्यानंतर, दुकानातून

ती. ताईस,

वाकून नमस्कार करायला गेलो तर पाठीत उसण भरेल, तेव्हा बसल्याबसल्याच स्वीकार कर.

तुझं पत्र मी दुकानात मोठ्यानं वाचून दाखवलं. रागावू नकोस. एक गिऱ्हाईक चष्म्याची काडी बसवून घ्यायला आलं होतं, एक बाई मुलाचा नंबर तपासायला आल्या होत्या, आणि नेहमीचे निवृत्त पेटीमास्तर होते, ज्यांना डोळ्यांपेक्षा गप्पांसाठी दुकान लागतं. ‘माणसं पाण्यात विरघळतात’ हे वाक्य तर मला दोनदा वाचायला लावलं. पेटीमास्तर म्हणाले, तुमच्या भगिनी पाट्या रंगवतात हे खरं वाटत नाही. मीही तोऱ्यात सांगितलं की आमच्या घरात हे गुण आहेतच, माझ्यात ते अजून बाहेर यायचे आहेत.

तुझी भावजय म्हणते की ताई प्रेमात पडल्या आहेत. या वयात समुद्र मऊ दिसायला दुसरं कारण नाही म्हणे. पोस्टमन अजून एकटाच आहे ना, असंही विचारून घेतलं. मी तिला गप्प केलं, पण खरं सांगू, मलाही तसं वाटून बरं वाटलं. तू जन्मभर दुसऱ्यांवर डोळे रोखून बसलीस. तुझ्या मनाला थोडा मऊपणा आला असेल तर येऊ दे.

इथे आमचं तेच. तक्त्यावरची अक्षरं, वरची ओळ वाचा, खालची वाचा. भिंतीपलीकडे शिंप्याचं मशीन. तू लिहीत जा. तेवढाच वारा येतो दुकानात.

तुझा,
बंड्या


महिन्याचा शेवट, संध्याकाळ

प्रिय बंड्या,

माझी पत्रं गावभर वाचतोस होय? मग नीट कान देऊन ऐका म्हणावं. आणि भावजयीला सांग, पोस्टमनच्या पायांवर माझं प्रेम आहे, कारण तो वाळूत घोड्यासारखा धावतो. त्याच्या वर मी कधी बघितलं नाही.

संध्याकाळी बंदराचे दिवे लागतात तेव्हा प्रत्येक दिव्याभोवती एक कडं दिसतं. आधी पिवळं, मग तांबूस, मग विरत जाणारं. मी घरी जायचं सोडून बघत बसते. सकाळी धुकं असतं. पूर्वी थंडीतच असायचं, हल्ली रोज असतं. त्या धुक्यातून झेंडे घेऊन चालत जाते तेव्हा आपण लहानपणी पांघरुणात शिरून डोळे किलकिले करून कंदील बघायचो ना, तसं वाटतं.

परवा हसं झालं. नर्सबाई, आमच्या पथकातली, दूरवर उभी होती म्हणून मी हात केला. ती काही हात करेना. मी पुन्हा केला, रागानं केला, मग खाली उतरून तिला झापायला गेले तर ती बर्फाच्या गोळ्यांची गाडी निघाली. गाडीवाल्यानं मला एक गोळा फुकट दिला. पथकाला ही गोष्ट सांगून मीच सगळ्यांत जास्त हसले.

लांब्या मात्र नाही हसला. लांब्या म्हणजे पथकातला सगळ्यांत उंच गडी, शाळेत गणित शिकवतो. तो हल्ली सकाळी माझ्याबरोबर येतो, झेंडे रोवून झाले की थोडा वेळ पाण्याकडे बघत उभा राहतो, काहीतरी बोलायचं असल्यासारखा. मी विचारलं, काय रे? तर म्हणाला, काही नाही ताई, तुम्ही म्हणालात म्हणजे झालं. शिस्तीचा मुलगा आहे. मी गेल्यावर मचाणावर तोच बसेल.

सरकारी मंडळी येत्या रविवारनंतरच्या रविवारी येतात. मी नवीन पाटी रंगवतेय, ‘झेंड्यांच्या आत पोहा’. अक्षरं जरा मोठी काढलीत.

तुझी,
ताई


मंगळवार, घाईत

ताई,

नमस्कार वगैरे राहू दे. आज पेटीमास्तर आले होते. गप्पांसाठी नाही, डोळ्यांसाठी. मी विचारलं काय होतंय, तर म्हणाले की जग मऊ झालंय. दिव्याभोवती कडी दिसतात. सकाळी घरात धुकं असतं. निळा कोट मातकट दिसतो म्हणून धोब्याशी भांडूनही आलेत.

मी बॅटरी घेऊन त्यांच्या डोळ्यात बघितलं. दोन्ही बाहुल्यांत दुधासारखं पांढरं. मोतीबिंदू, पिकत आलेला. ते शांतपणे म्हणाले, तुमच्या भगिनींची पत्रं ऐकली तेव्हाच मला वाटलं होतं की हे सगळं मलाही दिसतं.

मी बॅटरी विझवली आणि तुझी पत्रं काढून पुन्हा वाचली. वीस वर्षं हाच धंदा करतोय मी, ताई. येईल त्याच्या डोळ्यात बघतो. आणि तुझी पत्रं हातात धरून लोकांना ऐकवली, वा वा मिळवली. माझ्यासारखा गाढव मीच.

आता मी सांगतो ते कर. एक डोळा तळहातानं झाक आणि लांबचा झेंडा बघ. मग दुसरा झाक. आणि पोस्टमनला विचार की सकाळी धुकं असतं का. तो नाही म्हणाला तर मचाणावर चढू नकोस. झेंड्यांना हात लावू नकोस. मी पाया पडतो.

बंड्या


त्या रविवारनंतरचा बुधवार

बंड्या,

तुझं पत्र मला शुक्रवारी मिळालं होतं. हे आधी लिहिते, कारण मागाहून लिहायचा धीर होणार नाही.

वाचून मी चिडले. चष्मे विकणाऱ्याला जग आंधळंच दिसणार, असं स्वतःशी म्हणाले. मग पोस्टमनला धुक्याबद्दल विचारलं. तो म्हणाला, कुठलं धुकं ताई, लख्ख ऊन असतं. मग मी किनाऱ्यावर एकटी गेले आणि डावा डोळा झाकला. झेंडा पुसट झाला. उजवा झाकला तर झेंडा नव्हताच. वाळू होती, पाणी होतं आणि त्यांच्या मधे काही नव्हतं.

तरीही मी रविवारी गेले. सरकारी माणसं येणार होती. एवढी वर्षं ज्या दिवसासाठी काढली, त्या दिवशी घरात बसायचं? मला वाटलं, एकच रविवार तर आहे. किनारा मला तोंडपाठ आहे.

किनारा पाठ असून चालत नाही, बंड्या. वाळू पाण्याखाली सरकते. ओढ आज इथे असते, उद्या तिथे. हे मीच सगळ्यांना शिकवलंय. मला पाणी दिसत नव्हतं, म्हणून गेल्या वर्षी जिथे चांगलं होतं तिथे मी झेंडे रोवले. लांब्या माझ्या मागे उभा होता. त्याला काळसर पट्टा दिसत होता. पण ताई म्हणाल्या म्हणजे झालं.

एक माणूस आपल्या लहान मुलीला घेऊन पाण्यात होता, झेंड्यांच्या बरोबर मधे. मुलगी त्याच्या हातातून सुटली. मी मचाणावर होते आणि मला समुद्र नेहमीसारखाच मऊ दिसत होता. मला काहीसुद्धा दिसलं नाही. शिट्टी लांब्यानं मारली, माझी वाट न बघता. पोस्टमन आणि नर्सबाई दोघंही दोर बांधलेला तरंगा घेऊन शिरले. मुलीला आणलं तेव्हा ती निळी पडली होती. नर्सबाईनं तिच्या तोंडात श्वास भरला. मुलीनं पाणी ओकलं आणि रडायला लागली. तिचं रडणं मला नीट ऐकू आलं, कान शाबूत आहेत माझे.

बाप माझ्यापाशी आला. ओरडला नाही. म्हणाला, “आम्ही झेंड्यांच्या आतच होतो ना?”

मी हो म्हणाले.

सरकारी मंडळी खूश आहेत. किती चपळ पथक म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या. पथकातले सगळे म्हणतात की समुद्र अचानक सरकला, त्याला कोण काय करणार. लांब्यासुद्धा तेच म्हणतो आणि माझ्याकडे बघत नाही. आता मी फक्त गप्प बसायचं आहे. गप्प बसले तर सगळ्या किनाऱ्यांना पथकं मिळतील. बोलले तर म्हणतील की ज्यांना स्वतःचे झेंडे सांभाळता येत नाहीत त्यांना देश कुठे सांभाळायला देता. तूच सांग.

ताई


शुक्रवार

ताई,

तुला रागावण्यासाठी चार वेळा कागद घेतला आणि चारही फाडले. तुझी भावजय म्हणाली, आधी मुलगी कशी आहे ते विचारा. म्हणून आधी ते विचारतो.

मला भीती वाटतेय. त्या मुलीसाठी वाटली, पण तुझ्यासाठी जास्त वाटते. तू गप्प बसलीस तर तुझं काय होईल ते मला दिसतं, आणि दिसण्याच्या बाबतीत आता तरी माझं ऐक. सरकारला तुमची पथकं हवीत ती लोक वाचावेत म्हणून. मग लोक कशानं बुडतात हे त्यांना कळायला नको? समुद्र सरकला असं ते लिहून घेतील आणि दुसऱ्या किनाऱ्यावर आणखी एखादी ताई पाठ केलेल्या जागी झेंडे रोवेल. तिच्याही मागे कोणीतरी लांब्या गप्प उभा असेल.

सांग त्यांना. बरोबर यायला हवा असेन तर आजच्या गाडीनं निघतो. दुकानाला कुलूप लावायला कितीसा वेळ लागतो.

तुझा,
बंड्या


पुढच्या आठवड्यात

प्रिय बंड्या,

सरकारी मंडळींच्या कचेरीत एकटीच गेले. लाकडी बाकं, लांब टेबल, पंखा कुरकुरणारा. मंडळी चहा पीत होती. मी म्हणाले, समुद्र सरकला हे खरं, पण तो रोजच सरकतो; ते बघायचं काम माझं होतं आणि मला दिसत नाही. मला शुक्रवारी कळलं होतं आणि मी रविवारी मचाणावर चढले.

मग मागच्या बाकावरून लांब्या उठला. तो कधी येऊन बसला होता कोण जाणे. म्हणाला, मला पट्टा दिसत होता, मी बोललो नाही. मी त्याला खाली बस म्हणाले, तर गेल्या कित्येक वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझं ऐकलं नाही. तो म्हणाला की का म्हणून विचारू नये हा नियम पाण्यात माणूस असताना ठीक आहे, पण झेंडे रोवताना तो नियम कशाला? माझाच नियम, आणि मला हे कधी सुचलं नाही.

त्यांनी आम्हाला बाहेर बसवलं. मी जिना उतरून मुलीच्या बापाकडे गेले, तो जवळच एका छापखान्यात काम करतो. त्यालाही सांगितलं. त्यानं बराच वेळ हाताची शाई पुसली. मग म्हणाला की मुलगी आता तांब्यातल्या पाण्यालाही घाबरते. मी क्षमा मागितली, त्यानं दिली नाही, आणि त्यात त्याचं काही चुकलं नाही.

परत आले तर निर्णय झाला होता. पथकं होणार, सगळीकडे होणार. पण दोन अटींवर. झेंडे एकट्यानं रोवायचे नाहीत, दोघांनी पाणी बघायचं, आणि दुसऱ्यानं नको म्हटलं तर झेंडा हलवायचा. आणि मचाणावर बसणाऱ्या प्रत्येकाचे दोन्ही डोळे मोसमाच्या आधी तपासायचे. पोहण्याची हद्द दाखवायला समुद्रात तरंगती पिंपं असतात, त्यातल्या शेवटच्या पिंपावर लाल टोपी ठेवायची, ती एकेक डोळा झाकून दोन्ही डोळ्यांनी दिसली पाहिजे. दुसरी अट बाहेर पडायच्या आधी मीच सुचवली होती. ‘दोन्ही’ हा शब्दही माझाच.

आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, मग डाव्याचं. आमच्या किनाऱ्याचे डोळे तपासायला कोणी माहितीतला आहे का असं विचारत होते. मी तुझं नाव दिलंय. भाडं तुझं तूच काढ.

ताई


ऑपरेशननंतर, नर्सबाईंनी वाचून दाखवण्यासाठी

ती. ताईस, आणि नर्सबाईंना नमस्कार,

नर्सबाई, तिनं पट्टी खाजवली तर हातावर एक द्या. भाऊ म्हणून मी परवानगी देतो.

ताई, पट्टी सुटल्यावर सगळं जरा टोकदार दिसेल. पेटीमास्तर घरी गेले आणि बायकोला म्हणाले, तू कधी म्हातारी झालीस? दोन दिवस जेवण मिळालं नाही त्यांना. तेव्हा कोणाविषयी काही बोलायच्या आधी थांब.

दुकान तुझ्या भावजयीवर सोपवून मोसमाआधी येतोय. तक्ता, चौकट, काचांची पेटी, सगळं घेऊन.

बंड्या


नव्या मोसमाचा पहिला रविवार

प्रिय बंड्या,

तू घरी पोचला असशील. गाडीच्या खिडकीतून तू पुन्हा पुन्हा तोंड फिरवत होतास, ते मला उजव्या डोळ्यानं स्वच्छ दिसलं. म्हणून हे पत्र.

उजवा डोळा बाकी कमालीचा आहे. समुद्राला इतक्या कडा असतात हे मी विसरले होते. फेसाची प्रत्येक रेघ निराळी. निळा रंग निळा आहे, दुकानदाराची माफी मागून आले. पण डाव्याच्या आतला पडदाच झिजलाय, त्याला कोण काय करणार. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला.

तपासणीच्या दिवशी तू मला पाण्याकडे तोंड करून उभं केलंस आणि उजवा डोळा झाकलास. मी म्हणाले, टोपी दिसत नाही. तू काच बदललीस. नाही. पुन्हा बदललीस. मग काच पुसलीस, मग आधीचीच काच परत घातलीस. सगळं पथक रांगेत उभं होतं. तुला वाटलं, मी खोटं ‘हो’ म्हणावं. मलाही एक क्षण वाटलं. म्हणून मी म्हणाले, “पुरे बंड्या. नापास लिही.”

तू लिहिलंस. अक्षर वाकडं आलं, पण लिहिलंस. मला तुझा अभिमान वाटला, हे तिथे सगळ्यांसमोर सांगता आलं नाही. घरी येऊन मात्र मी उशीत तोंड घालून रडले. मचाण माझं होतं. ते नव्हतं तेव्हा मी कोण होते ते मला आठवत नाही.

आज सकाळी मी किनाऱ्यावर गेले. लांब्या आणि पोस्टमन झेंडे घेऊन पाण्याकडे बघत होते. पोस्टमननं एका जागी बोट केलं, लांब्या नको म्हणाला, दोघांचं जुंपलं, मग झेंडा थोडा पलीकडे गेला. मला मधे बोलायची इतकी उबळ आली होती की मी रुमाल तोंडात धरला. मग ती नवी मुलगी मचाणावर चढली, नर्सबाईची भाची. लांब्याच्या हाताखाली शिकतेय. माझ्याकडे बघून संकोचली. मी तिला म्हटलं, तू पाण्याकडे बघ.

आणि मग मी पाण्यात शिरले. दोन झेंड्यांच्या मधे, बाकीच्या लोकांसारखी. आजवर मी या पाण्यात शिरले ते कोणाला तरी बाहेर काढायला. नुसतं शिरायला कधी नाही. पाणी कोमट होतं. माझ्या एका बाजूला समुद्राला कडा होत्या आणि दुसऱ्या बाजूला तो अजून तसाच मऊ होता. मी पाठीवर पडले, कान बुडाले, माणसांचे आवाज लांब गेले. मी डोळे मिटले. आजूबाजूला कोण आहे, कुठे आहे, मला काही बघायचं नव्हतं, कोणीतरी माझ्याकडे बघत होतं.

किती वेळ गेला कोण जाणे. शिट्टी ऐकू आली. मी वाहत वाहत झेंड्याच्या पार बाहेर गेले होते आणि मचाणावरची मुलगी उभी राहून, न घाबरता, मला हातानं आत या म्हणून सांगत होती.

मी काही न विचारता आत आले.

तुझी,
ताई